पंक्चरवाल्या उबाल्दोचा समुद्र

समुद्र आमच्या दारातच आहे. मोठी भरती आली की पुएर्तो बोंगात माझ्या मासे तळायच्या टपरीतली स्टुलं मला उचलून फळीवर ठेवावी लागतात. अशा गावात एखाद्याने समुद्राचं पाणी काचेच्या पेटीत भरून घरात ठेवायचं काढलं, तर लोक त्याला काय म्हणतील? तेच म्हणाले. मीही म्हणाले. मी त्याची शेजारीण, शिवाय कोमाद्रे. माझ्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर धरलं होतं. त्यामुळे मला बोलायचा हक्क जरा जास्तच.

"कोंपाद्रे," मी म्हटलं, "मासेच बघायचेत ना? माझ्या कढईत बघ. फुकट."

"तुझ्या कढईतले सगळे एकाच रंगाचे असतात," उबाल्दो म्हणाला.

उबाल्दोचं पंक्चरचं दुकान माझ्या टपरीला लागून, हमरस्त्यावर. ट्रक, बस, मोटरसायकल, जे काही चाकावर चालतं ते सगळं त्याच्याकडे येतं. माणूस कामात पक्का. चाकाला कान लावून कुठून हवा जाते ते सांगतो. पण कोळ्यांच्या गावात, कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन, या माणसाला होडी सोसत नाही. सोसत नाही म्हणजे किती, तर धक्क्यावर उभं राहून दुसऱ्याची होडी डुलताना पाहिली तरी ह्याचं तोंड पांढरं पडतं. लहानपणी बापाने दोन-तीनदा बसवून पाहिलं, मग बापानेच हात जोडले. पोरगा जमिनीवर राहिला आणि चाकांचं काम शिकला.

बाप पाचो मात्र पाण्यातलाच प्राणी होता. इथले बाकीचे कोळी जाळी टाकतात, गळ लावतात, पाण्यात डोकं घालायला कुणी तयार नाही. पाचो बेटांपाशी बुडी मारून शेवंडं आणि शंख काढायचा. वर होडीत त्याचा जोडीदार रुफिनो कमरेचा दोर धरून बसायचा. पाचो वर आला की काही ना काही सांगायचाच. त्यातली एक गोष्ट गावभर झाली. खाली खडकांच्या गुहेत एक मासा असतो, पुढून जांभळा, मागून पिवळा, मधेच रंग बदललेला. आणि तो छताखाली गेला की पोट वर करून पोहतो, उलटा, अगदी मजेत, जणू आपलंच काहीतरी चुकलंय.

सगळे हसले. सगळ्यांत जास्त रुफिनो हसला. दोर धरून धरून ज्याचे हात सोलले होते त्याला हसायचा मान होताच. त्याने पाचोचं नाव 'थापाड्या' ठेवलं, आणि आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते माणसाबरोबर थडग्यापर्यंत जातं. उबाल्दो शाळेत 'थापाड्याचा', लग्नात 'थापाड्याचा', दुकानाच्या पाटीवर नुसतं 'उबाल्दो' लिहिलं तरी ट्रकवाले विचारायचे, "थापाड्याच्या मुलाचं पंक्चरचं दुकान कुठं?"

पाचो गेला तेव्हा नवव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, अंगणात लोक जमले, कॉफी फिरली, डोमिनोचे डाव मांडले गेले. दुखवट्यात चार विनोद सांगायचे असतात, त्याशिवाय मेलेल्याला करमत नाही असं आम्ही मानतो. रुफिनोने उलट्या माशाची गोष्ट सांगितली. नक्कल करून सांगितली, बाकावर उताणा पडून हातपाय हलवून. लोकांची हसून पुरेवाट झाली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. कॉफीचा ट्रे घेऊन उबाल्दो तिथेच उभा होता. रिकामे कप गोळा करून आत गेला.

म्हणून, पुढे कितीतरी वर्षांनी त्याने काचपेटीचं काढलं तेव्हा मी थोडी थट्टा केली आणि मग विचारलं, "खरं सांग, हे कशासाठी?"

"तो मासा आणणार," तो म्हणाला. "रुफिनोच्या समोर ठेवणार. रुफिनो मरायच्या आत."

रुफिनो तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. बाकी दगडासारखा, पण मधूनमधून खोकायचा. त्याला खोकला झाला की उबाल्दोची धावपळ सुरू व्हायची. आल्याचा आणि मधाचा काढा करून बायकोच्या हाती पाठवायचा, वर निरोप, "पावसात बाहेर पडू नका म्हणावं." गाव म्हणायचं, बघा, बापाला नावं ठेवणाऱ्यावरही किती माया.

फोनवर दाखवायचाही प्रयत्न झाला होता. उबाल्दोने कुठूनसा त्या माशाचा व्हिडिओ मिळवून म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरला. रुफिनोने नीट पाहिला आणि म्हणाला, "काल याच फोनात मी एक गाढव गाताना पाहिलं. सुरात गात होतं."

मग मात्र उबाल्दो पेटलाच.

बंद पडलेल्या बेकरीचं पावाचं काचेचं कपाट त्याने आणलं. जाड काच. ती कापून, सिलिकॉन लावून पेटी केली. गोडं पाणी भरून, बाहेरून साबणाचा फेस लावून, तो प्रत्येक सांध्यावर बुडबुडे शोधत बसला. मी म्हटलं, "अरे, फेस लावतात तो हवा शोधायला. पाणी गळलं तर दिसेलच की." तो म्हणाला, "तू तुझी केळी तळ." पेटी गळली नाही. पेटीखालचं टेबल मात्र मोडलं, कारण पाण्याला वजन असतं हे टेबलाला माहीत नव्हतं. पेटी कशी वाचली ते कार्मेनमातेलाच ठाऊक.

आणि खरोखर तिलाच ठाऊक असावं, कारण एवढं वजन पेलणारी दुकानात एकच जागा होती, ती म्हणजे मातेचा सिमेंटचा ओटा. कार्मेनमाता कोळ्यांची, तशी ड्रायव्हरांचीही. उबाल्दोच्या दुकानात तिची प्लास्टरची मूर्ती होती, पुढे ताटली. ट्रकवाला चाक दुरुस्त करून निघाला की क्रूस करायचा, ताटलीत नाणं टाकायचा. तो ओटा काचपेटीला हवा म्हटल्यावर उबाल्दोची बायको सेनोबिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मातेला ओट्यावरून उठवणार? तुझ्या त्या थेरांसाठी?"

"थोडं बाजूला गं."

"बाजूला तू हो. मातेची जागा मातेचीच. ओट्यावर पेटी येणार असेल तर माता पेटीत राहील."

प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळली असती, म्हणून ती घरात गेली आणि कुणा बसवाल्याने दिलेली, गाडीच्या काचेपुढे लावायची प्लास्टिकची छोटी माता पेटीच्या वाळूत उभी राहिली. अशी तडजोड झाली. मला वाटलं, आता भानगड संपली.

पाण्यात हवा सोडायला हवी म्हणून उबाल्दोने पहिल्यांदा दुकानातला कॉम्प्रेसर जोडला. ट्रकच्या चाकात हवा भरणारा. बटण दाबलं आणि अर्धं पाणी छताला लागलं. उरलेलं एका ट्रकवाल्याच्या अंगावर आणि सेनोबियाच्या केसांवर, जे तिने त्याच सकाळी सेट करून आणले होते. त्यानंतर काही दिवस उबाल्दो माझ्याकडे जेवला. मग शहरातून मुठीएवढा पंप आला.

खारं पाणी बेटांवरचा पाणबुड्या एलिएसेर पिंपात घालून घेऊन आला, कारण आमच्या किनाऱ्याचं पाणी नदीमुळे गढूळ आणि अर्धं गोडं. त्याबरोबर त्याने खडक आणले, भोकांचे, जांभळट, अंगावर बारीक काहीबाही उगवलेले. उबाल्दोने ते रचून बरोबर एक गुहा केली, छतासकट. आणि मग एलिएसेर म्हणाला, "आता थांब. पाणी मुरू दे. घाई केलीस तर जे टाकशील ते मरेल."

झालं. लोक मासे बघायला यायचे आणि पाणी बघून जायचे. "कुठेत मासे?" "पाणी मुरतंय." आठवड्यांमागून आठवडे पाणी मुरत होतं. रुफिनो रोज सकाळी काठी टेकत यायचा, माझ्याकडून अंडं भरून तळलेली मक्याची आरेपा घ्यायचा आणि पेटीसमोर उभा राहून खायचा.

"मुरलं का रे?"

"मुरतंय."

"लवकर मुरव. मीही मुरत चाललोय."

पुढच्या फेरीत एलिएसेरने छोटे शंख आणले, काचेवरचं शेवाळ चाटणारे. त्यांनी मातेची हिरवी दाढीही चाटून साफ केली, तेव्हा सेनोबियाचं मत त्यांच्याबद्दल एकदम चांगलं झालं. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब मिशांची एक कोळंबी आली. मला ती पाहून सारखं लसणाचं तेल आठवायचं, पण मी तोंड बंद ठेवलं. आणि शेवटी, पिशवीतल्या पाण्यात, बोटाएवढा तो आला. पुढून जांभळा, मागून पिवळा. पिशवी पेटीत तरंगत ठेवली, हळूहळू पाणी मिसळलं, तोंड सोडलं. मासा बाहेर आला, गुहेत घुसला आणि गेला.

गेला म्हणजे दिसेनाच. एका भोकात जाऊन बसला. खायला टाकलं की नाकाचं टोक बाहेर, पुन्हा आत.

रुफिनो दुसऱ्या दिवशी आला. "आला म्हणे तुझ्या बापाचा मासा."

"आत आहे."

"माझ्या घरी मगर आहे. तीही आतच असते."

उबाल्दोने दात आवळून समोरच्या ट्रकचं चाक काढलं.

एवढ्यात नाणी सुरू झाली. पहिलं कुणी टाकलं माहीत नाही. पण पाणी आणि माता एकत्र दिसली की आमच्या माणसाचा हात खिशात जातोच. ताटलीची सवय होती, आता ताटलीपेक्षा भारी. नवस बोलायचा, नाणं सोडायचं, ते हेलकावे खात मातेच्या पायाशी पडायचं. डावीकडे पडलं तर असं, उजवीकडे पडलं तर तसं, असलं शास्त्रही निघालं. दुसऱ्या गावचे ड्रायव्हर चाक धड असताना थांबू लागले. उबाल्दोलाही सुरुवातीला बरं वाटलं. वाळूत चकाकतं, शोभा येते.

कार्मेनमातेचा सण जुलैत. तो जवळ आला तसा नाण्यांचा पाऊस वाढला. मग एक दिवस शंख काचेवरून सुटून खाली पडले. एकेक करून. कोळंबी आडवी झाली, मिशा हलवत राहिली आणि सणाच्या पहाटे मिशाही थांबल्या. मासा भोकाच्या तोंडाशी आला होता आणि भराभर कल्ले हलवत होता.

उबाल्दो पेटीला नाक लावून बसला होता. त्याने एक नाणं बाहेर काढलं, बोटावर फिरवलं. कडेला हिरवा थर. असा हिरवा थर तो रोज ट्रकच्या बॅटरीच्या टोकांवरून खरवडतो.

"तांबं," तो म्हणाला. "सेनोबिया, नाण्यांतलं तांबं सुटतंय. आपण ह्यांना विष पाजतोय."

तो जाळीने नाणी काढू लागला. सेनोबिया धावत आली. "अरे, हात लावू नकोस! लोकांचे नवस आहेत ते! कुणाचं पोर आजारी आहे, कुणाची गाडी हप्त्यावर आहे, ते सगळं तू चाळणीने उपसणार?"

उबाल्दो एरवी बायकोपुढे गप्प बसतो. त्या दिवशी बसला नाही. डोळे भरून आले होते त्याचे.

"मासा आज मरेल, सेनोबिया. मग मी पुन्हा आणीन, पुन्हा पाणी मुरवीन, आणि तोवर रुफिनो जाईल. माझा बाप कायमचा थापाड्या राहील. मातेला हे हवंय का, तूच विचार तिला."

सेनोबियाने पेटीकडे पाहिलं. मग बाह्या सरसावून तिने हात पाण्यात घातला, माता बाहेर काढली, झग्याला पुसली आणि नाण्यांखाली आपली मोठी परात धरली. "नवस चर्चच्या पेटीत जातील," ती म्हणाली. "वाट बदलली म्हणून नवस चुकत नाही. आता पुढचं बोल."

पुढचं म्हणजे पाणी. नवं, स्वच्छ, खारं, आजच्या आज. एलिएसेर बेटावर. सणाच्या दिवशी एकही होडी दुसऱ्या कामाला जाणार नाही, मरण आलं तरी. होड्या जाणार त्या एकाच कामाला, मातेची मूर्ती घेऊन गढूळ पाण्याच्या पार, निळ्या पाण्यात, फुलं सोडायला. मूर्ती असते सगळ्यांत वयस्कर कोळ्याच्या होडीत. म्हणजे रुफिनोच्या.

उबाल्दो धक्क्यावर गेला तो दोन्ही हातांत कॅन घेऊन. होड्यांना कागदी फुलं लावली होती, बँड आधीच बसला होता. डुलणाऱ्या होड्या पाहूनच त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मला घेऊन चल," तो रुफिनोला म्हणाला.

"तुला? होडीत?" रुफिनोला खोकला येईपर्यंत हसू आलं. "थापाड्याचा पोरगा होडीत! या रे, बघा! बस, बस. फुकटचा तमाशा कोण सोडतो?"

आम्ही गाणाऱ्या बायकाही त्याच होडीत होतो, म्हणून मी हे सांगू शकते. धक्का सुटला आणि उबाल्दो सुरू झाला. फादर प्रार्थना म्हणतायत, बँड वाजतोय, आणि उबाल्दो काठावर ओणवा. पहिल्यांदा लोक हसले. मग फादरांनी आवाज चढवला. मग ढोलवाल्यालाच मळमळायला लागलं. निळं पाणी आलं तशी सगळ्यांनी फुलं सोडली, आणि उबाल्दोने कॅनचं झाकण उघडलं.

"त्या बाजूला ओक!" सेनोबिया ओरडली. "ह्या बाजूला भर! मिसळू नकोस!"

म्हणून तो बिचारा डावीकडे ओकायचा, गुडघ्यांवर रांगत उजवीकडे यायचा, कॅन बुडवायचा, पुन्हा डावीकडे. एकदा कॅनच्या वजनाने तो अर्धा बाहेर गेला. तेव्हा रुफिनोने सुकाणू दुसऱ्याकडे दिलं आणि मागून त्याचा पट्टा धरला. शेवटचा कॅन भरेपर्यंत धरून ठेवला. तो हसत नव्हता. एकदा फक्त म्हणाला, "तुझा बाप वजनाला हलका होता."

परत आल्यावर उबाल्दोला जमीनही हलताना दिसत होती, तरी त्याने कुणाला पेटीला हात लावू दिला नाही. जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, थोडं थोडं. सेनोबिया मागे लागली, ओत की एकदम. "एकदम नाही," तो म्हणायचा आणि भिंतीला टेकायचा. संध्याकाळी मिरवणुकीतून उरलेलं गाव माझ्याकडे तळलेला मासा आणि नारळाचा भात खायला आलं, आणि ताटल्या हातात घेऊन दुकानात डोकावू लागलं. रुफिनो आला, स्टूल ओढून पेटीसमोर बसला.

"एवढं पाणी कशासाठी वाहिलं ते तरी बघू," तो म्हणाला.

मासा भोकाच्या तोंडाशी होता. कल्ले आता सावकाश हलत होते. बराच वेळ काही झालं नाही. मागून कुणीतरी मगरीबद्दल बोललं, आणि नवल म्हणजे रुफिनोनेच त्याला गप्प केलं.

मग तो बाहेर आला. जांभळा, मग पिवळा. गुहेच्या मध्यापर्यंत गेला, खडकाच्या छताजवळ वर चढला आणि अगदी सहज, कूस बदलावी तसा, उलटा झाला. पोट छताला, पाठ खाली. तसाच पोहत राहिला. एक टोक, दुसरं टोक. माझ्या हातातली ताटली कलली आणि भात जमिनीवर गेला. मला रडू आलं, कारण त्या नवव्या दिवशी मी हसले होते आणि पाचो इतका सरळ माणूस होता.

उबाल्दोने इतकी वर्षं काय काय बोलायचं ठरवलं होतं, मला ठाऊक होतं. माझ्या टपरीत बसूनच त्याने ते पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघेना. तो रुफिनोकडे बघत उभा राहिला.

रुफिनोने टोपी काढली. मान वाकडी करून, जवळजवळ कानावर आडवा होऊन तो बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाला, "पाचोनं कमीच सांगितलं होतं."

उबाल्दोने डोळे पुसले.

"रुफिनोकाका," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं. बाहेरच्यांना ऐकू गेलं नाही."

रुफिनोने त्याच्याकडे पाहिलं. मग काठीवर भार देऊन उठला, दारापर्यंत गेला, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या गावाला त्याने तेच ओरडून सांगितलं.